वत्सलाचा टाक

प्रिय मयुरी,

हे पत्र वर्षाच्या हाती देते आहे. ती कडोदऱ्याला साड्यांच्या घड्या घालायला जाते. तुझी खोली कुठे आहे हे तिच्याशिवाय इथे कुणाला माहीत नाही. फोन केला नाही, कारण माझा फोन हल्ली आधी तुझा भाऊ बघतो. कुंदनबरोबर निघून गेलीस तेव्हापासून गजेंद्र असाच आहे. तुझ्या बापाने तुला रविवारी कानबाईच्या सणाला घरी बोलावलं, झालं गेलं विसरलो म्हणाला, हे मला कळलं. जायचं की नाही ते ठरवण्याआधी एवढं वाच.

उधन्याचं घर तसंच आहे. लूमचा आवाज थांबला की अजून मला दचकायला होतं. ओट्यावर बसून साड्यांना टिकल्या चिकटवताना तू गोष्टी मागायचीस. देवांच्या, पण चांगल्या नकोत म्हणायचीस. कुंतीने पोर नदीत सोडलं ती. रुक्मिणी पळाली आणि सख्खा भाऊ फौज घेऊन तिच्या मागे लागला ती. तुझा बाप भगवान आतून म्हणायचा, ताई, पोरीला काय घाण शिकवतेस, आरत्या शिकव. मी म्हणायचे, आरतीत नुसतं जय देव असतं रे बाबा, काय झालं ते नसतं. तू फिदीफिदी हसायचीस आणि बोटांना लागलेला गम फ्रॉकला पुसायचीस.

रेणुकेची गोष्ट ऐकताना मात्र हसली नव्हतीस. पाण्याला गेली, परक्या पुरुषाकडे क्षणभर बघत राहिली, आणि नवऱ्याने मुलांना सांगितलं, हिला मारा. थोरले नाही म्हणाले. धाकट्याने परशू उचलला. नंतर बापाने वर दिला, आई उठून बसली. तू विचारलंस, फुई, उठल्यावर ती त्याच घरात राहिली का गं? त्यांनाच जेवायला वाढलं? मी म्हटलं, ती देवी झाली. तू म्हणालीस, ते नाही विचारलं.

आपल्या देवघरात एक छोटा चांदीचा टाक आहे, बाईचा चेहरा झिजलेला. तू त्याला कुंकू लावायचीस. ती वत्सला, माझी फुई, माझ्या बापाची बहीण. ती कुमारी होती, शेतात तिला साप चावला, असं घरात सांगतात. मीही तुला तेच सांगितलं होतं, कारण तू लहान होतीस. वत्सला कुमारी नव्हती. अमळनेरच्या गिरणीतल्या एका माणसाशी तिने लग्न केलं होतं आणि ती तिकडे सुखात होती. मग घरून निरोप गेला, सगळं विसरलो, ये. ती आली. माझी आई तेव्हा नवी नवरी. ती सांगायची, वत्सला हातभर हिरव्या बांगड्या घालून आली आणि दारातूनच म्हणाली, वहिनी, भूक लागली. आईला चुलीपाशी बसायला सांगून पुरुषांनी मधलं दार लावलं. संध्याकाळी गावाला सांगितलं, साप. आईने तिला शेवटची अंघोळ घातली. साप चावल्याची खूण तिला कुठेच दिसली नाही. हातात एकही बांगडी नव्हती. पुढे गोठ्यातली गुरं एकामागून एक मेली, तेव्हा घाबरून तिचा टाक करून घेतला.

हे मला आईने माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी सांगितलं. माझ्याशी असं का बोलते, म्हणून मला राग आला होता.

आज सकाळी कानबाईच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू मोजले. घरातल्या माणसागणिक मूठ. भगवान स्वतः म्हणाला, मयुरीची मूठ घाला. तुझ्या आईने डोळ्यांना पदर लावला, तिला वाटलं बापाला पाझर फुटला. दिलेली लेक माहेरचा रोट खात नाही, बाळा. नवरा गेल्यावर मी या घरात परत आले, इथेच मरेन, तरी मला रोट नाही, माझं कूळ बदललं. तुझी मूठ घातली म्हणजे त्याच्या हिशेबी तुझं लग्न झालेलंच नाही आणि कुंदन नावाचा माणूस नाही. सोमवारी कानबाई विसर्जनाला तापीवर न्यायची आहे. आम्हा सगळ्या बायकांनी जायचं ठरलं. मी विचारलं, मयुरी येईल ना आमच्याबरोबर नाचत? गजेंद्र माझ्याकडे न बघता म्हणाला, ती घरी थांबेल, आमच्यापाशी. त्यांच्या मनात काय आहे ते मला ठाऊक नाही. मी चुकत असेन तर मरेपर्यंत मला दोष दे. पण तू येऊ नकोस. कुंदनला घेऊन आजच खोली सोड, कुठे जाता ते मलाही कळवू नकोस, मला विचारतील. भगवान पुन्हा फोन करेल, मऊ बोलेल. मग फोन तुझ्या आईच्या हातात देईल आणि ती रडेल. ते रडणं खरं असेल. तिने तुझ्या मुठीचे गहू वेगळे निवडून ठेवले आहेत. वत्सलाला सापच चावला, असं तिला अजून वाटतं.

तुझीच,
सरला फुई