दोन जलद, एक सावकाश

३ जून

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

माझंच पत्र लाल पेनाने दुरुस्त करून मला परत पाठवायचं, हे तू आता बंद कर. मागच्या खेपेलाही सांगितलं होतं. इथे पोस्टमन पाकीट सगळ्यांच्या देखत देतो. मग जो तो विचारतो घरून काय आलं, आणि मी काय सांगू, माझंच पत्र आलं म्हणून? सातवीत शाळा सोडली ती तुझ्या त्या लाल पेनाला भिऊनच. तू पेपरात मोठा पत्रकार असशील, पण मी तुझा पेपर नाही. वाचता येतं ना? मग झालं.

काम बरं चाललंय. कपडे धुण्याच्या या कारखान्यात दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी येतात. मला रोलरवर टाकलंय. इकडून ओली चादर घालायची, तिकडून कडक कोरडी निघते. मध्ये बोट गेलं तर तेही कडक होऊन निघेल, म्हणून आईला हे वाचून दाखवू नकोस.

आम्ही सहाजण बॉयलरच्या वरच्या खोलीत राहतो. एकावर एक अशा लोखंडी खाटा. माझ्या खालच्या खाटेवर रफूकाका. फाटलेल्या चादरी तेच सांधतात, म्हणून हे नाव. बोलणं कमी, पण मला ताप आला तेव्हा माझ्या उशाशी तेच बसून होते. तुझे लेखही तेच वाचून दाखवतात, कारण मी वाचेपर्यंत दुसऱ्या दिवशीचा पेपर येतो. तुझा तो तुरुंगांवरचा लेख वाचून झाल्यावर म्हणाले की लिहिणाऱ्याने हे आत जाऊन पाहिलेलं दिसतंय. मी छाती फुगवून सांगितलं की आमचा दादा सगळीकडे फिरतो. तुझा फोटो माझ्या खाटेजवळ भिंतीला चिकटवलाय.

आता खरी गोष्ट. रविवारी सकाळी भोंगा झाला तरी सगळे ढिम्म. मला तुझा जुना खेळ आठवला. तू सुट्टीवर आलास की चमच्याने खाटेच्या दांडीवर वाजवायचास, दोन जलद, एक सावकाश. मी उठून भिंतीकडे तोंड करून, हात डोक्यावर ठेवून हजर म्हणायचं. उशीर झाला की तू मला उलटा टांगायचास आणि आई तुझ्या पाठीत धपाटा घालायची. तसंच मी वाजवलं.

दादा, रफूकाका झोपेतून ताडकन उठले. भिंतीकडे तोंड, हात डोक्यावर. हजर म्हणाले. पोरं खो खो हसली. मीही हसलो. पण ते वळेचनात. हात खालीही घेईनात. पायजमा ओला झाला तेव्हा आमचं हसू बंद पडलं. शेवटी मी त्यांचे हात धरून खाली घेतले.

नंतर त्यांनी विचारलं, हे कुणी शिकवलं. मी म्हटलं, दादाने, तो लष्करात होता, कपड्यांच्या कोठारावर कारकून. तेव्हापासून त्यांचं बोलणं बंद आहे. रफूची लांब कात्री हातात घेऊन माझ्याकडे बघत बसतात. मला भीती वाटते. तो कसला खेळ होता, ते कळव.

चुका पोटात घालून लोभ ठेव.
तुझा
बारक्या


११ जून

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दुरुस्त केलेलं नाही. फाडून टाकलं आहे. हेही वाचून झाल्यावर तू तेच कर.

आधी भिंतीवरचा माझा फोटो काढ. माझं नाव, माझा पेपर, यातलं काहीही त्या माणसापुढे पुन्हा काढायचं नाही. जमलं तर खोली बदल, त्याहून बरं म्हणजे मालकाकडून हिशेब घे आणि नीघ. तो कात्री कुठे ठेवतो, ते बघून ठेव. मी घाबरवत नाही, सावध करतो आहे.

तो खेळ कुठल्याही शिपायाला येतो. मी कोठारावरच होतो. कुणी विचारलं तर एवढंच सांगायचं, एक अक्षर जास्त नको. ज्या लेखांमुळे लोक मला ओळखतात ते एका दिवसात पुसले जातील, आणि तेवढ्यावर भागलं तर नशीब समजायचं.

यापुढे पत्र घरी पाठवू नकोस, कचेरीच्या पत्त्यावर पाठव. तुझ्या वहिनीला यातलं काही ठाऊक नाही, आईला तर नाहीच. तू माझा धाकटा आहेस हे तिथे कुणाला कळू देऊ नकोस. मला ते क्षणभरही विसरता येत नाही.

जपून राहा.
दादा


१९ जून

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

एवढा मोठा पत्रकार, आणि कचेरीचा पत्ता द्यायला विसरलास. मग घरीच पाठवतोय. माझा इलाज नाही.

तू सांगितलंस म्हणून फोटो काढला आणि तिथेच घोटाळा झाला. भिंत कळकट, त्यात तेवढाच चौकोन पांढरा राहिला. काकांनी कामावरून आल्या आल्या तो बघितला आणि मला शेजारी बसवलं. हातात कात्री. फोटो का काढला, विचारलं. म्हटलं, पिवळा पडला होता. म्हणाले, तुला खोटं बोलता येत नाही, मोठ्या भावाला येत असेल.

मग त्यांनी सांगितलं की फोटोवरून त्यांना काहीच कळलं नव्हतं. काका पूर्वी लष्कराच्या तुरुंगात होते, आणि तिथे त्यांनी पहारेकऱ्यांपैकी कुणाचा चेहरा बघितलाच नाही. दार वाजलं की भिंतीकडे तोंड करायचं. खेळ ऐकल्यापासून संशय होता, पण खेळ कुणीही कुणाकडून शिकतो. मी फोटो लपवला, तेव्हा खात्री पटली. म्हणजे दादा, आपण दोघांनी मिळूनच त्यांना सांगितलं.

बाकीचे पहारेकरी दारावर काठी आपटायचे. एकटाच किल्लीने वाजवायचा, दोन जलद, एक सावकाश. तो मारायचा नाही, म्हणाले. पण त्यांचा धाकटा भाऊ शेजारच्या कोठडीत होता, माझ्याएवढा. तापाने फणफणला होता. एका पहाटे त्याने हजर म्हटलं नाही. किल्ली पुन्हा वाजली, पुन्हा वाजली, मग पुढच्या दारावर गेली. थोड्या वेळाने अंगणात गाडी सुरू झाली. तो जिवंत गेला की मेलेला, कुठे नेला, हे काकांना आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही. सुटल्यावर ते सगळ्या कचेऱ्यांतून फिरले. त्यांना तुझ्याकडून तेवढंच हवंय.

मी म्हटलं, कोठारालाही किल्ल्या असतातच की. ते नुसते हसले. दादा, त्या हसण्याची मला कात्रीपेक्षा जास्त भीती वाटली. आता मी वरच्या खाटेवर कूस बदलत नाही, खाट करकरते म्हणून. ते झोपेतही भिंतीकडेच तोंड करतात.

तू किल्लीने वाजवायचास का? हो किंवा नाही, एवढंच लिही. लाल पेनाने लिहिलंस तरी चालेल.

रागावलास तरी माया तोडू नकोस.
बारक्या


२७ जून

चि. भावोजींस अनेक आशीर्वाद.

तुमचं पत्र मी फोडलं. घरच्या पत्त्यावर आलं होतं, मला वाटलं पैशांचं असेल.

लग्नाला नऊ वर्षं झाली. कुणी दार वाजवलं की हे दचकतात, म्हणून आमच्याकडे दिवसभर दार उघडं असतं. शेजारणी म्हणतात, तुमचं घर किती मोकळं. मीही तसंच समजत होते. आता कळलं.

पत्र ह्यांच्यापुढे ठेवलं. उठून अंगणात जाऊन बसले. जेवायला बोलावलं तर म्हणाले, हो, मीच. मी जेवायचं विचारत होते, भावोजी. त्यानंतर दोनदा कागद पुढे घेऊन बसले. दुसऱ्यांवरचे लेख तासाभरात लिहिणारा माणूस, एक ओळ पुरी होईना. मला एवढंच म्हणाले की तो मुलगा कुठे आहे ते त्यांना माहीत आहे, गाडीत घालायला तेच होते. जिवंत होता का, हे मी विचारलं नाही. माझा धीर झाला नाही. कागदावर लिहिलं तर कागद पोलिसांकडे जाईल, पेपरात जाईल, आईंच्या कानावर जाईल, असं म्हणतात. त्यांना कशाकशाची भीती वाटते, ते आता मी मोजत नाही.

आईंना सांगितलंय की ह्यांचं पोट बिघडलंय. त्या काढा करून देतात आणि हे मुकाट्याने पितात.

तुम्ही तिथून निघा असं लिहायला ह्यांनी मला सांगितलं होतं. मी तसं लिहीत नाही. काय करायचं ते तुम्हीच बघा. मी दार उघडंच ठेवलंय.

तुमची
वहिनी


५ जुलै

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

वहिनींचं अक्षर मला लागेना, म्हणून पत्र काकांनीच वाचून दाखवलं. दुसऱ्या कुणाकडे नेणार? तो मुलगा कुठे आहे ते तुला माहीत आहे, या ओळीशी थांबले. खाली बॉयलर चालू होता, त्याने खिडकीच्या काचा थरथरत होत्या. मग ती ओळ पुन्हा वाचली, हळू. मग पुढचं सगळं वाचलं, आईच्या काढ्यापर्यंत, आणि घडी नीट घालून कागद मला परत दिला.

त्यांना लिहिलेलं काही नकोय. कागद झाले पुष्कळ, म्हणाले. तोंडाने सांगितलंस तर पुरे. पोलीस नको, पेपर नको. जिवंत असो की मेलेला, जागा कळली तर तिथे जाऊन थोडा वेळ बसेन, म्हणाले. मी सांगितलं की दादाला तुमच्याकडे बघवणार नाही. त्यावर म्हणाले, मग मी भिंतीकडे तोंड करून बसेन, मला सवय आहे.

त्या रविवारपासून मी चमचा हातात धरत नाही, भात हाताने खातो. पोरं चिडवतात. मला आता काकांची भीती वाटत नाही. तू येणार नाहीस, याची वाटते. आणि आलास तर तू काय सांगशील, त्याची त्याहून जास्त.

खोली बाजारामागच्या गल्लीत, बॉयलरच्या जिन्याने वर. येताना दार वाजवू नकोस, खालून हाक मार. मी येऊन उघडतो.

लोभ आहेच, तो तू आल्यावर बघू. गाडीभाडं सोबत पाठवतोय, फक्त येण्याचं. परतीचं माझ्याकडे ठेवलंय, नाहीतर तू अर्ध्या वाटेतून फिरशील. माझ्याकडे हजारच निघाले. कमी पडत होते ते चारशे काकांनी घातले. येण्याजाण्याचे मिळून एकूण चौदाशे.