दुष्टाच्या नावाचा मलिदा

अंबरनाथ,
६ जुलै २०२५

ती. एझ्रादादा यास धाकट्या मोझेलचा सा. न. आणि शालोम. वि. वि.

फोनवर मला धड बोलता आलं नसतं, म्हणून लिहिते. दादा, देवाने ऐकलं! त्या ठेकेदार कैलासला लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. नथानच्या उल्हासनगरच्या दुकानाची दुरुस्ती करताना खांब त्यानेच तासला, स्लॅब कोसळला, माझा नथान गेला. वर हा कोर्टात म्हणतो, खांब नथाननेच तोडायला लावला! तिथले लोक अजून माझ्या पोरालाच दोष देतात. मेलेल्या पोराने कुठे जाऊन सफाई द्यायची?

तीन वर्षं दर शुक्रवारी दिवा लावून मी तेच स्तोत्र वाचलं, दुष्ट गवतासारखे सुकतील म्हणणारं. एलियाहू हानाबीला नवस बोलले होते, हा आडवा पडला की मलिदा करीन. पोहे, गूळ, नारळ आणलेत. प्रार्थनेला लागणारी आपली दहा माणसं तू जमव, प्रार्थनाही तूच म्हण. वहिनीचा गुडघा दुखत असेल तर रिक्षाने आण, पण आणच.

तुझी,
मोझेल

बेलवली, बदलापूर,
१० जुलै २०२५

चि. मोझेल हिस एझ्राचे अ. आ.

पत्र वाचून आधी मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? मग मात्र जेवण गेलं नाही. मलिदा आपण लग्नाला करतो, बाळंतपणाला करतो, दुखण्यातून कोणी उठलं की करतो. कोणी पडलं म्हणून ताटाभोवती बसून देवाचे आभार मानायला माझी जीभ रेटणार नाही. रागव हवं तर.

माशाने गिळलेल्या नबीची गोष्ट आठव. लहानपणी तू त्या माशावरच खूश असायचीस, पुढचं ऐकायच्या आत झोपायचीस. पुढे पापी शहराला पस्तावा झाला म्हणून देवाने ते वाचवलं, आणि त्याचा नाश बघायला थांबलेला नबी रुसून बसला. मीही कितीदा तसाच रुसलोय. नथान माझाही भाचा होता ग.

वहिनीने तुझ्यासाठी लोणचं भरून ठेवलंय. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
एझ्रादादा

अंबरनाथ,
२० जुलै २०२५

ती. एझ्रादादास सा. न. वि. वि.

तुझ्यावर इतकी चिडले की एकटीच शिरगावला कैलासच्या घरी गेले. त्याला पडलेलं डोळे भरून बघायचं होतं. त्याची बायको वृंदा मला बघून रडायलाच लागली. म्हणाली की पुढच्या तारखेला कोर्टात खरं सांगून टाकणार म्हणून तो वकिलाशी भांडून आला होता, आणि दुसऱ्याच दिवशी हे झालं.

आता त्याला बोलता येत नाही, लिहायला हात नाही. आपले वकील म्हणतात, बायकोच्या सांगण्याला कोर्टात वजन नाही. मी मागितलं तेच देवाने दिलं, दादा, आणि माझ्या पोराची सफाई देणारं एकच तोंड बंद करून टाकलं. घरी येऊन खूप रडले. हा कसला न्याय, तूच सांग.

डॉक्टर म्हणतात, सहा महिन्यांत वाचा परत येऊही शकते. म्हणून नवस फिरवलाय. तो बोलायला लागला की मलिदा करीन, तेव्हा तरी नाही म्हणू नकोस. तोवर दर शनिवारी शब्बाथला आजाऱ्यांच्या प्रार्थनेत त्याचं नाव घे. मनातून मी अजून त्याला शिव्याच देते, माझ्या तोंडून ती प्रार्थना निघणार नाही. आपल्यात आजाऱ्याला आईच्या नावाने पुकारतात, म्हणून पुन्हा जाऊन वृंदाला विचारून आले. कैलास, विठाबाईचा मुलगा. नीट मोठ्याने म्हण.

अशा बहिणीवरही लोभ ठेव.

तुझी,
मोझेल