न चिकटवलेल्या चिठ्ठ्या

सोमवार, ४ मार्च

धाकट्याच्या नावाने कोर्टाचं समन्स आलंय आणि मला ते आज कळतंय — आठ दिवसांनी! दुकानात त्याचा डबा द्यायला गेले तर कानशीच्या खाली चौपट घडी घातलेला कागद. "काय आहे रे?" — "लाइटचं बिल." चोपन्न वर्षांचा झाला, खोटं बोलताना कान अजून लाल होतात. कागद ओढून घेतला.

मामला असा. २९ जानेवारीला कॅमेऱ्यांच्या एका गोदामात चोरी झाली. कुलूप फोडलं नव्हतं. चावीने उघडलं होतं, आणि चावी कुलपातच राहून गेली होती. चावीच्या डोक्यावर तीन ठिपके. ती आमची खूण. बाबांनी सुरू केलेली, धाकटा अजून प्रत्येक चावीवर ठोकतो. पोलीस खुणेवरून दुकानात आले. ही चावी कोणी करून घेतली? — आठवत नाही. गिऱ्हाइकांची वही दाखवा. — वही नाही. झालं! वही ठेवली नाही म्हणून खटला. कलम एकशे बारा 'ड'. तारीख २० मार्च.

बाबा वही ठेवायचे. नाव, पत्ता, सही. त्याशिवाय चावी हातात पडायची नाही, मग समोर कोणीही असो. मी विचारलं, ती पद्धत कधी मोडलीस? मशीन चालू होतं, पाठ माझ्याकडे. "बंद केली, ताई. कोण वाचतंय."

मंगळवार, ५ मार्च

वकिलाकडे गेलो. खोलीत एक टेबल, एक पंखा, दोन खुर्च्या. वकील बसलेले, मी बसलेली, धाकटा उभा.

"गुन्हा कबूल करायचा, दंड भरायचा, दहा मिनिटांत घरी." धाकट्याची मान लगेच हलली. मी म्हटलं, आधी कलम दाखवा. "अहो, एकशे बारा 'ड'." आकडा नको, कलम दाखवा. त्यांनी मागच्या कपाटाकडे हात केला, जणू कपाटच उत्तर देणार. "ताई, हे असंच असतं."

मग मी परवान्याचं विचारलं. तेव्हा खरं बाहेर आलं. शिक्षा झालेल्या माणसाला चाव्या करण्याचा परवाना राहत नाही. म्हणजे दहा मिनिटांत घरी, आणि पुढे जन्मभर घरीच.

धाकटा म्हणतो, "जाऊ दे ताई, छत्र्या दुरुस्त करीन." वकील हसले. मी नाही हसले. बाबांच्या हातचं दुकान आहे ते, आणि या माणसाला दुसरं काही येत नाही. छत्री त्याच्याकडून नीट मिटतसुद्धा नाही.

चौतीस वर्षं टेलिफोनच्या चौकशी खात्यात काढली मी. लोक अर्धं नाव सांगायचे, चुकीची गल्ली सांगायचे, तरी मी नंबर शोधून द्यायचे. एक कलम मिळू नये?

बुधवार, ६ मार्च

सार्वजनिक वाचनालय. फौजदारी कायद्याचं पुस्तक — जाडजूड, कणा सुटलेला. एकशे बारा आहे, एकशे तेरा आहे. मध्ये 'अ'सुद्धा नाही, मग 'ड' कुठला? ग्रंथपालांना म्हटलं, पान फाटलंय बहुतेक. ते म्हणाले, "पान जागेवर आहे, बाई. हे सगळ्या देशाचं पुस्तक. राज्य त्यात स्वतःची भर घालतं, ती यात नसते."

म्हणजे एका घरात दोन सासवा. एकीने काय सांगितलं ते ऐकून भागत नाही.

खरं तर तेवढ्यावर उठायला हवं होतं. पण वाचत बसले. खोट्या वजनांचं कलम, सार्वजनिक विहीर घाण करण्याचं कलम, दुसऱ्याचं पत्र फोडण्याचं कलम. प्रत्येकामागे कोणीतरी एक वात्रट माणूस होऊन गेला असणार. त्याशिवाय कोण कशाला लिहून ठेवील? घड्याळ पाहिलं तर पाच. चहा राहिला. माझा!

गुरुवार, ७ मार्च

मुलाचा फोन. एरवी पंधरा दिवसांतून एकदा, या आठवड्यात तिसऱ्यांदा. "आई, इंटरनेटवर सगळं मिळतं, कशाला वणवण करतेस?" बघितलं. राज्याचे कायदे, वर ठळक अक्षरांत 'अद्ययावत'. कधीपर्यंत? चार वर्षांपूर्वीपर्यंत. शिळ्या भाकरीला ताजी म्हटलं की झालं. (आणि अर्धी पानं उलटी छापलेली. मोबाइल फिरवला की तीही फिरतात.)

मग म्हणाला, "मामाला सांग, कबूल करून मोकळा हो. म्हाताऱ्या माणसाला कोर्टाचे हेलपाटे कशाला?" मामा म्हातारा नाही, म्हटलं, आळशी आहे. मामा काय म्हणतोय, असं दोनदा विचारलं त्याने. लहानपणी शाळा सुटली की याच मामाच्या दुकानात बसायचा, स्टुलावर, चाव्या लावत. बरं वाटलं. नोकरी सोडल्यापासून कुणाची चौकशी करत नव्हता.

शुक्रवार, ८ मार्च

कोर्टाचं ग्रंथालय, तिसरा मजला. दारावर पाटी — फक्त वकिलांसाठी. आत वकील एकही नाही. एक बाई कोपऱ्यातल्या टेबलाशी, पुढ्यात खळीचा डबा, ब्रश, आणि कागदाच्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे.

"तुम्ही वकील?"

"नाही."

"अशील?"

"अशिलाची बहीण."

"मग बसा. वकील येत नाहीत, बहिणी येतात."

मी त्यांना मनातल्या मनात चिठ्ठीबाई म्हणते. त्यांचं काम हेच. सरकार कायद्यात बदल करतं तेव्हा नवं पुस्तक छापत नाही; दुरुस्तीच्या चिठ्ठ्या छापून पाठवतं. चिठ्ठीबाई त्या कापतात आणि जुन्या मजकुरावर नेमक्या जागी चिकटवतात. काही पानांवर पाच-पाच थर आहेत, पुस्तकं फुगून मिटत नाहीत. पूर्वी या कामाला तिघी होत्या, आता त्या एकट्या. विचारलं, कुठवर आलात? "चार वर्षं मागे आहे." आणि वकील काय वाचतात? "चिकटवलंय तेवढं."

म्हणजे खळ जिथवर पोचली तिथवर कायदा! त्यापुढचा गठ्ठ्यात.

सोमवार, ११ मार्च

सकाळपासून गठ्ठे. चिठ्ठीबाईंनी अट घातली: क्रम मोडायचा नाही, बोटाला थुंकी लावायची नाही. दुसरी अट सांगायची गरज नव्हती.

साडेतीनला सापडलं. तळहाताएवढी चिठ्ठी. एकशे बारा 'ड': चावी करून देणाऱ्या प्रत्येकाने गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता आणि सही असलेली नोंदवही ठेवावी, न ठेवल्यास शिक्षा. म्हणजे कलम आहे. वकील खोटं बोलत नव्हता, नुसता आळशी होता.

वाईट वाटायला हवं होतं. पण आधी झाला तो आनंद — हरवलेला नंबर लागल्यासारखा. चिठ्ठीबाईंनी त्यांच्या डब्यातला अर्धा लाडू दिला. मी डबे खात नाही कुणाचे. खाल्ला.

मंगळवार, १२ मार्च

चिठ्ठी पुन्हा नीट वाचली. शेवटी बारीक अक्षरांत एक ओळ आहे, काल सुटलेली: हे कलम शासन अधिसूचनेने ठरवील त्या तारखेपासून अंमलात येईल. चिठ्ठीबाई म्हणाल्या, "बारसं झालंय, पण मूल चालायला कधी लागलं ते वेगळ्या कागदावर." तो कागद राजपत्रात. राजपत्रं तळघरात. तळघराची किल्ली ज्यांच्याकडे ते गुरुवारी येणार. (चावीवाल्याची बहीण किल्लीसाठी दोन दिवस खोळंबली. धाकट्याला सांगितलं, तोही हसला नाही.)

बसल्या बसल्या दुसरं एक कलम वाचलं. गुन्हेगार कोण ते माहीत असून जो लपवील, तोही गुन्हेगार. खाली अपवाद: लपवणारा नवरा किंवा बायको असेल तर गुन्हा नाही. मी विचारलं, आणि भाऊ? बहीण?

"नाही."

"आईबाप?"

"नाही हो. नवरा-बायको फक्त."

गंमतच आहे. कायद्याला लग्न कळतं, रक्त कळत नाही. मी तर नवऱ्याला पहिल्या दिवशीच पकडून दिलं असतं. चिठ्ठीबाई इतक्या हसल्या की खळ सांडली.

गुरुवार, १४ मार्च

तळघर. ओल, झुरळं, सुतळीने बांधलेले राजपत्रांचे गठ्ठे, महिनावार — निदान असायला हवे होते. मार्चमध्ये जून, जूनमध्ये निवडणुका. पदर खोचला आणि आधी गठ्ठे लावले. किल्लीवाले गृहस्थ म्हणाले, "बाई, तुम्हाला एकच पान हवंय ना?" म्हटलं, पुढच्या माणसालाही हवं असेल.

दुपारी दोनला पान मिळालं. कलम एकशे बारा 'ड' अंमलात: १ फेब्रुवारी. याच वर्षीचं.

चोरी २९ जानेवारीची. चावी त्याच्याही आधीची. चावी झाली तेव्हा वही ठेवा असं सांगणारा कायदाच चालू नव्हता! तीन दिवस. अवघ्या तीन दिवसांनी माझ्या भावाचं दुकान वाचलं.

पानाची शिक्क्याची नक्कल घेतली. जिने चढताना गुडघा दुखला नाही.

शनिवार, १६ मार्च

वकिलांपुढे नक्कल ठेवली. दोनदा वाचली त्यांनी, मग खुर्चीत सरळ बसले. "ताई, खटला उभाच राहत नाही." मग कपाटाकडे पाहून म्हणाले, "माझंही पुस्तक जुनंच असणार." हे मात्र मला आवडलं.

धाकट्याला वाटलं होतं तसा आनंद झाला नाही. त्याने एकच विचारलं, "मग आता फाईल बंद?"

"वहीची बंद," वकील म्हणाले. "चोरीची चालूच आहे. तुम्ही कबूल केलं असतंत तर वही नाही, आठवत नाही, एवढ्यावर तुम्हाला सोडलं असतं. आता तुम्ही आरोपी नाही, साक्षीदार. वीस तारखेला शपथेवर विचारतील, चावी कोणी करून घेतली."

धाकटा पंख्याकडे बघत राहिला. रस्त्यात म्हणाला, "ताई, तुला सांगितलं होतं ना, सोड म्हणून." आभार मानायची ही कुठली रीत? मी रागावले. म्हटलं, तुझ्यासाठी झुरळांत बसले मी. तो म्हणाला, "माहितीय." आणि माझ्या हातातली पिशवी घेतली.

सोमवार, १८ मार्च

दुकान बंद. आजारी नाही, बाहेरगावी नाही. घरी गेले तर नुसता बसलाय, कानस हातात धरून. मुलाला दोनदा फोन केला, मामाशी बोल म्हणून. उचलला नाही.

मंगळवार, १९ मार्च

धाकटा सकाळी आला. वही टेबलावर ठेवली. बंद केलीच नव्हती त्याने. समोर कोणीही असो, सही घेतल्याशिवाय चावी दिली नव्हती. २२ जानेवारी, पानावरची शेवटची ओळ. ते अक्षर मी हात धरून गिरवून घेतलेलं आहे. "मला म्हणाला, घराची आहे, मामा," एवढंच बोलला. कान लाल नव्हते.

अकराला तिसऱ्या मजल्यावर गेले. चिठ्ठीबाईंना विचारलं, त्या लपवण्याच्या कलमाला, खालच्या अपवादाला, काही दुरुस्ती आली आहे का? त्यांनी ब्रश ठेवला. सगळे गठ्ठे काढले, क्रमाने. कशाला हवंय ते विचारलं नाही.

नाही आलेली.

मुलाने या वेळी फोन उचलला. म्हटलं, उद्या दहाला कोर्टाच्या दाराशी ये. मामाच्या आधी तू बोलायचंस. वही माझ्याजवळ आहे.