ओझरपाटची पाणचक्की

४ नोव्हेंबर
आले एकदाची! करी रोडची चाळ, तिसरा मजला, ओझरपाट ग्रामस्थ मंडळाची गावकीची खोली. गिरण्या होत्या तेव्हा इथं गावचे तीसजण पाळीपाळीनं झोपायचे म्हणे. आता नुसत्या भिंतीलगत ट्रंका. गावच्या पाणचक्कीला शंभर वर्षं झाली, तिची पुस्तिका लिहायचं काम मला मिळालंय. गडहिंग्लजहून निघताना आई रडत होती, मी मात्र खूश! मंडळाचे सेक्रेटरी जयवंतकाका नायगावला राहतात. गादी, पंखा, सगळं बघून गेले. शेजारच्या शेवंतीकाकूंनी घावणे आणि चटणी दिली. जेवलीस की नाही ते रोज सांगायचं, अशी तंबीही.

६ नोव्हेंबर
मजा येतेय. चक्की यायच्या आधी बायका पहाटेपासून जात्यावर. मग ओढ्याचं पाणी पाट काढून आणलं. ते खालच्या खड्ड्यातल्या आडव्या चाकावर पडायचं, की वर दगड फिरायला लागायचा. चार गावांच्या बायका डोक्यावर दळण घेऊन यायच्या. रामजी चक्की चालवायचा, त्याची बायको कौसल्या मदतीला. १९३८ला चक्की बंद झाली. काका म्हणाले, इंजिनाची गिरणी आली म्हणून. पण मंडळाच्या कागदांत इंजिन १९५१चं आहे. मधली तेरा वर्षं?

९ नोव्हेंबर
ट्रंकेत तळाशी गावसभेची १९३८ची वही मिळाली. चाकात फांदी अडकली म्हणून कौसल्या खड्ड्यात उतरली. फांदी निघाली, चाक फिरलं, लुगडं त्यात अडकलं. ती ओरडत होती, पाणी बंद करा. वर अकरा माणसं होती. दुसऱ्या दिवशी देवीचं जेवण होतं, पोतं अर्धंच दळून झालेलं. कुणीतरी म्हणालं, एवढं दळण संपू दे. पाणी त्यानंतर अडवलं. खाली एक ओळ: ‘पीठ वाया गेले नाही. सर्वांस वाटून दिले.’
अकरा सह्या. पहिली काकांच्या आजोबांची.

१० नोव्हेंबर
काकांना वही दाखवली. त्यांनी चष्मा पुसून सह्या वाचल्या. मग म्हणाले, “पोरी, एवढं पान नको. त्या अकरांची नातवंडं कार्यक्रमाला पुढच्या रांगेत बसणार आहेत.” त्यांची आजी मरेपर्यंत भाकरीला शिवली नाही, हेही सांगितलं. मला त्यांची दया आली. आणि खरं सांगायचं तर काम जाईल ही भीतीही होतीच. पान काढलं. तिचं नावसुद्धा. मजकूर छापायला गेला.

१२ नोव्हेंबर
दुपारी दोन वाजता फळ्यांच्या जमिनीखाली पाणी वाहताना ऐकू आलं. नळाला पाणी फक्त पहाटे येतं. खालच्या बिऱ्हाडात जाऊन आले, कोरडं ठणठणीत. शेवंतीकाकूंना विचारलं. त्यांच्या हातातलं लाटणं थांबलं. म्हणाल्या, “नाव गाळलंस काय गो तिचं?” मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. मग त्यांनीच सांगितलं, पूर्वी या खोलीतले पुरुष दरवर्षी कार्तिकात तिचं नाव घेऊन पाण्याचा तांब्या ठेवायचे. खोली रिकामी झाली, ते राहून गेलं.

१३ नोव्हेंबर
तांब्या ठेवला. नाव घेतलं. आवाज थांबला नाही, वाढला. छापखान्यात फोन केला, पान परत घाला म्हणून. छापून झालंय म्हणाले. काका पुस्तिकांचे गठ्ठे घ्यायला निघालेत. पाण्यात आता दगडाची घरघर आहे. आणि बाई ओरडतेय. पाणी बंद करा. कुठलं बंद करू? इथं पाट नाही, पाणी अडवायची फळी नाही, काही—

१४ नोव्हेंबर, सकाळ
ट्रंकेवर बसून लिहितेय. उतरायला जागाच नाही. जमिनीच्या फळ्या गेल्या. खाली काळोख, पाणी, गरगर फिरणारं काहीतरी. काकू दाराबाहेरून हाका मारतायत. उत्तर देते, त्यांना ऐकू जात नाही.

खाली ती ओरडायची थांबली. वर बघतेय. माझ्याकडे नाही. दाराकडे.

जिन्यात काकांचा आवाज. पुस्तिका छान झाली, असं काकूंना सांगतायत. मी ओरडतेय. काका, दार उघडू नका. त्यांना ऐकू—
कुलपात त्यांची किल्ली फिरली, कडी वाजली. काका, पाय ठेवू नका, इथं जमीन ना—