तरोटा की कासविंदा

१२ सप्टें. ९४, चौसाळा
सासरची पहिली महालक्ष्मी. उद्याच्या नैवेद्याला सोळा भाज्या एकत्र शिजवायच्या, निघाल्या पंधराच. सासूबाई म्हणाल्या, "बांधावरून तरोटा आण. पिवळं फूल आन् जोडपानं." गेले तेव्हा दिवेलागण झालेली, पानं मिटलेली. ओटीभर खुडून आणलं. लातूरच्या मुलीला बांधावर पाठवायचं म्हणजे...

१३ सप्टें.
जेवणं छान झाली. शोभाताईंनी (माझ्या नणंदबाई, सातवा महिना) भाजी दोनदा मागून घेतली. मी मनातल्या मनात फुगले. त्यांचे याआधी दोनदा दिवस राहून गेलेले, म्हणून सगळं घर त्यांना जपतं.
संध्याकाळी त्यांना उलट्या.

१४ सप्टें.
हे शोभाताईंना घेऊन बीडला, दवाखान्यात. मला राहवेना, बांधावर गेले. उजेडात बघते तर दोन झाडं शेजारी शेजारी. एकाची पानं टोकाला गोल, शेंग सुईसारखी. दुसऱ्याची पानं टोकदार, शेंग चपटी, चुरगळलं की घाण वास. फूल मेलं दोन्हींचं पिवळंच. शेळ्या चारणारी बाई म्हणाली, "गोल पानाचा तरोटा, टोकाचा कासविंदा. पोटुशीला न्हाई देत त्यो." खुडलेले शेंडे टोकदार झाडाचेच. 
दुपारी समोरच्या एसटीडी बूथवर यांचा फोन. "बाळ ठीक हाय. पुरणपोळ्या किती खाल्ल्या, इचारतेत डॉक्टर." तिथेच रडले. बूथवाला बघत राहिला.

१५ सप्टें.
लक्ष्म्यांच्या साड्यांच्या घड्या घालताना सासूबाईंना सांगून टाकलं. हातातली घडी पुरी करत त्या म्हणाल्या, "निवडतानाच वास आलता. समदा उकिरड्यावर टाकला मी."
"मग सोळावी भाजी?"
"न्हाईच घातली. पावणे दारात, कुठून आणू? कुणाला बोलू नको."
म्हणजे माझ्या हातचं पानही कुणाच्या पोटात गेलं नव्हतं. सुटले. इतकं हलकं वाटलं की हसूच फुटलं. त्या हसल्या नाहीत.

१८ सप्टें.
शोभाताई ठणठणीत, ठेच्यावर भाकरी मागतात. मीही दोन घास जास्त खाते. सासूबाईंचं मात्र जेवणात लक्ष नाही. दुपारी लसूण सोलता सोलता हळूच म्हणाल्या, "लक्ष्मी मोजती का गं भाज्या?"
"न्हाई मोजत, आत्याबाई." अगदी ठामपणे सांगितलं, जसं काही मला ठाऊकच आहे.
त्यांनी मान हलवली. शोभाताईंचं बाळंतपण कार्तिकात.