दुसरा नंबर आणि अप्पांची शाल

४ ऑक्टो., शनि. लातूर
मुलींच्या बास्केटबॉल लीगच्या चिठ्ठ्या निघाल्या. निवडीत आपला दुसरा नंबर. आधी सोलापूरवाले एक पोरगी उचलणार, मग आपण. गेल्या मोसमात तळाला होतो, जुन्या पोरी सगळ्या सोडल्या. संघ पायापासून बांधायचा तर ही निवड चुकून चालणार नाही.
अप्पांच्या डाळ मिलवर गेलो. संघाचे मालक ते, पोरी निवडणारा मी. म्हणतात, नंबर दुसऱ्या संघाला द्या, बदल्यात दोन अनुभवी पोरी घ्या. "पब्लिकला आपण जिंकायलोत असं दिसलं पाहिजे, मास्तर." मी कुठला मास्तर. व्हील अलाइनमेंटचं दुकान, खेळ व्हिडिओ बघून शिकलो. पण या दोन जिल्ह्यांत संघबांधणी माझ्याइतकी कुणी अभ्यासली नाही. उगाच नम्र कशाला व्हायचं.

६ ऑक्टो., सोम. किनवट
वसतिगृहाचं सिमेंटचं मैदान. यमुना, वय एकोणीस. लीगच्या यादीत आहे, पण बघायला कुणी फिरकलेलं नाही. यादीत उंची सहा फूट. माझ्या टेपने, अनवाणी: पाच अकरा.
चेंडू रिंगला लागला की बाकीच्या वर बघतात. ही तोवर वळून चेंडू पडणार त्या जागेवर पोचलेली. योगायोग असेल म्हणून रिंगकडे पाठ करून उभी केली. मी चेंडू टाकायचो, ही नुसत्या आवाजावर सांगायची. "डावीकडं." डावीकडंच. "लांब जाऊन राहिला." गेला. "हा आत."
आत!
कसं कळतं गं? "वाजते न सर. तुमाले ऐकू येत न्हाई का?"
नाही येत. इतकी वर्षं नुसतं बघत आलो.

७ ऑक्टो., मंगळ.
घरी सांगितलं. बायको म्हणे, "मी हाक मारते ती तरी कुठं ऐकू येते तुम्हाला."
एक शंका: किनवटची रिंग ढिली आणि तिच्या ओळखीची. नव्या रिंगवर काय? उद्या लातूरला बोलावलंय. अप्पांनाही.

८ ऑक्टो., बुध.
सुरुवातीचे सगळे अंदाज चुकले. अप्पा माझ्याकडं बघायले. माझे कान गरम.
यमुना म्हणाली, "थांबा सर, ही येगळी वाजते." डोळे मिटून काही चेंडू नुसते ऐकले. त्यानंतर एकही चुकला नाही. एकही. अंगावर काटा अजून आहे.
अप्पा, "शिव शिव! बदलाबदली न्हाई. हीच."
आणि लगेच ड्रायव्हरला बाजारात पिटाळलं. शाल, नारळ, हार. कुणी मनात भरलं की आपल्याकडं सत्कार ठरलेला. म्हटलं, अप्पा, निवड रविवारी, तोवर कुणाला कळू...
"लेकरू पहिल्यांदा आलंय हो. रिकाम्या हातानं धाडू का?"
फोटो निघाला. मीही त्यात. हसतोय.

९ ऑक्टो., गुरु.
फोटो सगळ्या ग्रुपांवर. अप्पांनीच टाकला.
दुपारी सोलापूरच्या निवडवाल्याचा फोन. "शालीतली पोरगी कोण हो? काही दम आहे, की अप्पांची नुसती हौस?"
हौस, एवढंच म्हणायचं होतं. जिभेवर आलंही होतं. पण कालचं सगळं डोळ्यांपुढे, आणि तिच्या खेळाला मी हौस म्हणू? म्हणालो, "स्वतः येऊन बघा."
अप्पा भडकले. "पोरीचा गुडघा दुखतोय म्हणायचं!" मग स्वतःच म्हणाले, "माझ्याबी तोंडातून निघालं नसतं म्हणा."

११ ऑक्टो., शनि.
सोलापूरचा निवडवाला काल किनवटला जाऊन आला. यमुनाचा फोन: "ते सर बूट काढून उभे व्हते, उन्हात. चहा बी घेतला न्हाई."
बूट काढून. देवळात काढतात तसे. म्हणजे त्याला दिसलं.

१२ ऑक्टो., रवि. निवडीचा हॉल
सोलापूरचा पुकारा झाला. त्यांचा निवडवाला उठला, परत बसला, थोडा वेळ मागून घेतला. त्यांना रिंगखाली खेळणाऱ्या उंच, तयार सेंटरची गरज आहे, यादीत एक आहे. माझ्या हिशेबाने त्यांनी तीच घ्यावी. पण हिशेब तिच्या खेळापुढे माझाही टिकला नव्हता.
यमुना मागच्या खुर्चीत. "सर, सोलापूरहून किनवटले गाडी हाय का?"
"थेट नाही."
"मंग?"
अप्पांनी गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलंय.
येऊन बघा म्हणालो, ते चुकलं असं अजून वाटत नाही. त्याने तिचं नाव घेतलं तर वाटेल कदाचित.
उठला. माइककडे निघालाय, आणि जाता जाता माझ्याकडे बघून हात जोडतोय. आभाराला की माफीला?