कचरा कुठे टाकावा

२ एप्रिल
इंदूरहून लेकीचा, जुईचा फोन. सातवा लागलाय, महिनाअखेरीस बाळंतपणाला येतेय. तिला छोटी खोली हवी. छोट्या खोलीत माझी पीएचडी आहे. विषय: भोपाळचा कचरा टाकण्यासाठी योग्य जागेची निवड. अकरा वर्षं चालू आहे. नलिनीने तीस तारखेपर्यंत खोली रिकामी करायला बजावलं. मी म्हणालो, त्याआधी थीसिसच सबमिट होईल, कागद आपोआप जातील. बाळाच्या आधी मी डॉक्टर. तिने कॅलेंडरवर तीस तारखेभोवती गोल काढला. बायकोचा असा विश्वास हवा.

५ एप्रिल
पहाटे पाचला उठायचं होतं. कचरागाडीच्या गाण्याने जाग आली. नलिनी बादली घेऊन धावत गेली. मी खिडकीतून पाहिलं. गाणं बदलायला हवं. थीसिसमध्ये सूचना म्हणून घालीन.

७ एप्रिल
गाईडकडे गेलो. अभिजीत माझाच जुना विद्यार्थी. सर्व्हेइंगमध्ये मीच त्याला पास केलं. आता मी त्याला सर म्हणतो, तोही मला सर म्हणतो, त्यामुळे बोलणं लांबतं. म्हणाला, आता मुदतवाढ नाही, ३० एप्रिल शेवटची. आणि निवडलेल्या जागा डोळ्यांनी पाहून या. मी म्हणालो, सॅटेलाइटवरून पाहिल्यात. तरी त्याचं एकच, सर, एक बार जाके देख तो लीजिए. तरुण पिढीचा विज्ञानावर विश्वास उरलेला नाही.

११ एप्रिल
नकाशाला बसलो. तलावापासून लांब, वस्तीपासून लांब, विमानतळापासून लांब, सगळ्या अटी लावल्या. आख्खं भोपाळ लाल झालं. एकही जागा उरली नाही. या शहरात पाऊल टाकावं तिथे तळं. चहा घेतला. अटी थोड्या सैल केल्या. तीन जागा निघाल्या. पहिल्या नंबरची मिसरोदच्या पुढे. संपूर्ण ओसाड. फार थकलो.

१५ एप्रिल
नलिनी खोलीच्या दारात उभी राहते आणि जाते. यावर शास्त्रशुद्ध तोडगा काढला. कागद हलवायचे कुठे, हे थीसिसच्याच पद्धतीने ठरवायचं. दोन-दोन निकष समोरासमोर ठेवायचे, कोणता किती वरचढ त्याला एक ते नऊ गुण. निकष: ओल, वाळवी, उजेड, नलिनीचा विरोध. जागा: माळा, बाल्कनी, पलंगाखाली, छोटी खोली. दुपार गेली. उत्तर आलं, छोटी खोली. म्हणजे कागद आहेत तिथेच उत्तम आहेत. गणितापुढे आपण कोण? नलिनीला दाखवलं. तिने विचारलं, यात जुई कुठेय?
राहून गेली होती.

१६ एप्रिल
जुई घातली. थीसिसही घातला. आता कॉम्प्युटर म्हणतो, तुमचीच मतं एकमेकांशी जुळत नाहीत. विसंगती दहा टक्क्यांच्या आत हवी, माझी अडतीस. जुई थीसिसपेक्षा महत्त्वाची. थीसिस नलिनीच्या विरोधापेक्षा महत्त्वाचा. नलिनीचा विरोध जुईपेक्षा महत्त्वाचा. यात चूक काय ते कळेना. सॉफ्टवेअर जुनं आहे.

२२ एप्रिल
जागा पाहायला निघणार होतो. ऊन.

२३ एप्रिल
दाढ.

२८ एप्रिल
सकाळी नलिनीने ओढणी कमरेला खोचली आणि झाडू हातात घेतला. त्याच क्षणी मला साइट व्हिजिटची निकड जाणवली. स्कूटर काढली.
मिसरोदच्या पुढे, माझ्या ओसाड जागेवर, मॅरेज गार्डन. फाटकावर सिमेंटचे दोन हत्ती. सॅटेलाइटचं चित्र जुनं निघालं. आत लग्न चालू. एका फेटेवाल्या गृहस्थांनी विचारलं, लड़केवाले या लड़कीवाले? कचरेवाले कसं म्हणणार? लड़कीवाले म्हणालो. हात धरून जेवायला बसवलं. डाळ-बाफले उत्तम होते.
घरी आलो तर छोटी खोली रिकामी. फरशी पुसलेली, खिडकी उघडी, पलंगावर धुतलेली चादर. नलिनीने सगळे कागद सुक्या कचऱ्यात, गाडीत दिले. मी ओरडलो. ती म्हणाली, तुम्हीच म्हणाला होतात, आपोआप जातील.

२९ एप्रिल
नलिनीशी अबोला. काय काय गेलं याची यादी करून तिच्यासमोर टाकायचं ठरवलं. एक, इतरांच्या पेपरांच्या झेरॉक्स. दोन, त्याच झेरॉक्स पुन्हा. तीनला अडलो. लॅपटॉप उघडला. त्यात पहिलं प्रकरण अर्धं आहे आणि आभार. आभार पूर्ण आहेत. नलिनीचे शेवटी मानले आहेत.
अबोला सोडला. तिच्या लक्षात आला नव्हता.

३० एप्रिल
जुई आली. पाय सुजलेत पोरीचे. छोट्या खोलीत आडवी झाली आणि म्हणाली, बाबा, माझ्यासाठी एवढं सगळं काढलंत? मी हो म्हणालो. लाज वाटली.
मग उठून बसली. म्हणाली, आई सांगत होती, परवाच तर गाडीत गेलेत कागद, जाऊन शोधले तर मिळतीलही. गाडी आपला कचरा नेऊन टाकते कुठे? तुम्हाला तर ठाऊकच असेल.
मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. गाडी कोपऱ्यावरून डावीकडे वळते, एवढं सांगितलं.